लष्करी ट्रकचा बंब करायचाय? टाकीची ऑर्डर देण्याआधी वजनकाट्यावर जा

नमस्कार. तुम्ही विचारलंय की टेक्सासमधल्या तुमच्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला लष्करातून निघालेला एम३५ए२ ट्रक मिळतोय, त्यावर १,००० गॅलनची टाकी बसवून गवताच्या वणव्यांसाठी बंब करता येईल का. मी बरीच वर्षं अशाच एका ग्रामीण दलात आहे. माझं मत स्पष्ट आहे: ट्रक जरूर घ्या, पण हजार गॅलन डोक्यातून काढा.

एक गॅलन पाणी म्हणजे ८.३४ पौंड. हजार गॅलनचे झाले ८,३४० पौंड, म्हणजे जवळपास ३,८०० किलो. या ट्रकला अडीच टनी म्हणतात ते रस्ता सोडून माळावर चालतानाच्या क्षमतेवरून. तिथे ५,००० पौंडांची मर्यादा आहे. पक्क्या रस्त्यावर १०,००० पौंड चालतात. पण रिकामी टाकी, तिचा सांगाडा, पंप, होज, अवजारं हे सगळं याच आकड्यात बसवायचं असतं, आणि ते सहज दीड-दोन हजार पौंडांवर जातं. म्हणजे हजार गॅलन भरले तर डांबरी रस्त्यावरसुद्धा तुम्ही मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे असाल. तुम्हाला तर कुरणात उतरायचंय. हिशेब मांडला की साडेतीनशे ते चारशे गॅलन हाती लागतात.

हे कमी नाहीत. गवताची आग बारीक होजने, धार आवरून विझवतात. मिनिटाला २० गॅलन सोडले तर ३५० गॅलन सतरा मिनिटं पुरतात, आणि मागे रस्त्यावर पाणी भरून द्यायला दुसरा टँकर ठेवता येतो. कुणी लष्करी इंधनाचा तयार टँकर सुचवेल, तर तोही याच नजरेने पाहा. पेट्रोल गॅलनला साधारण सहा पौंड भरतं. त्याच टाकीत काठोकाठ पाणी भरलं की वजन एक तृतीयांशाहून जास्त वाढतं.

टाकीला आतून आडवे आणि उभे पडदे, म्हणजे पाणी हिंदकळू नये म्हणून लावायचे पत्रे, हवेतच. दुष्काळी भागात अर्धा भरलेला पाण्याचा टँकर वळणावर कसा झोके खातो ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. इथेही ट्रक उलटण्याचं तेच मोठं कारण आहे. टाकी शक्य तितकी खाली आणि ट्रकच्या मधोमध बसवा. या ट्रकची चासी खड्ड्यांतून जाताना पिळली जाते, आणि ती तशी पिळली जावी अशीच बनवलेली आहे. टाकीचा सांगाडा तिला सगळीकडून घट्ट वेल्ड केलात तर एक तर चासीला तडा जाईल किंवा टाकी फाटेल. म्हणून स्प्रिंगवर किंवा तीन ठिकाणी टेकणारी बैठक करून घ्या.

आता ब्रेक. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. एम३५ए२ ला हवेच्या मदतीने चालणारे हायड्रॉलिक ब्रेक आहेत आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) एकच आहे. एक नळी फुटली की सहाही चाकांचे ब्रेक जातात. पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं करणारा मास्टर सिलिंडर बसवल्याशिवाय हा ट्रक सेवेत घेऊ नका. रंग, दिवे, सायरन यांचे पैसे नंतर जमवता येतील.

पंपाला स्वतःचं छोटं इंजिन द्या. गवताच्या आगीत ट्रक हळू चालवत पाणी मारावं लागतं. पंप ट्रकच्या इंजिनवर असला की वेग कमी होताच दाबही पडतो. बाकी गोष्टी थोडक्यात: वीज २४ व्होल्टची आहे, त्यामुळे रेडिओसाठी एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट काढू नका, कन्व्हर्टर लावा. केबिनचं ताडपत्रीचं छत काढून पत्र्याचं टणक छत बसवा आणि प्रत्येक सीटला पट्टा लावा. कुणीही बाहेर, बंपरवर किंवा मागच्या फळीवर उभं राहून जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. टायर जुने असतील तर वरून चांगले दिसले तरी बदला.

कागदपत्रंही बारकाईने पाहा. ट्रक फेडरल एक्सेस पर्सनल प्रॉपर्टी योजनेतून, म्हणजे केंद्र सरकारचं जादा सामान अग्निशमन दलांना वापरायला देणाऱ्या योजनेतून आला असेल, तर मालकी अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडेच राहते आणि तुम्हाला तो परस्पर विकता येत नाही. फायरफायटर प्रॉपर्टी या दुसऱ्या योजनेत अटी पूर्ण झाल्यावर मालकी दलाकडे येते. किती खर्च करायचा हे त्यावर ठरवा. लष्करी रंग दोन्हीकडे बदलावा लागतो.

ट्रक हातात आला की तो आहे तसा धान्याच्या गोदामावरच्या काट्यावर न्या आणि पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं घ्या. ते दोन आकडे इथे टाका, सोबत पंपाचं आणि होजचं वजनही लिहा. टाकी किती गॅलनची घ्यायची ते आपण मिळून काढू.