तीन लाखांचं जुनं सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर: एफडी मोडावी का?

प्रश्न थोडक्यात: पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष बागायतदार, स्वसंरक्षणाचा परवाना नुकताच मिळाला. ओळखीतले एक परवानाधारक जुनं अमेरिकी .३२ सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर तीन लाखांना देतायत. हंगामात रोकड घरी आणावी लागते म्हणून ते घ्यायचंय, त्यासाठी एफडी मोडायची आहे.

माझं मत: मोडू नका.

सिंगल अ‍ॅक्शनमध्ये प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा चढवावा लागतो, चाप फक्त तो सोडतो. त्यामुळे चाप हलका लागतो आणि नेम चांगला बसतो, पण रात्री घाबरलेल्या हाताला हे जमत नाही. शिवाय जुन्या घाटाच्या हत्यारात घोड्याखाली काडतूस ठेवायचं नसतं, पडलं तर बार उडू शकतो. म्हणजे चक्रीच्या सहा घरांत पाचच काडतुसं.

मग तीन लाख कशाचे? टंचाईचे. १९८०च्या दशकात सामान्य परवानाधारकासाठी आयात बंद झाली, म्हणून जुन्या विदेशी मालाला हा भाव. पण उद्या विकायला गेलात तर गिऱ्हाईकही परवानाधारकच हवं, तेही त्याच बोअरचं, म्हणजे नळीच्या त्याच मापाचा परवाना असलेलं. बँक ते तारण घेणार नाही. तीन लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला २१,००० रुपये व्याज सुटतं, एफडी मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळा.

तरीही बघायला जाणार असाल, तर आधी नळीवरचा शिक्का वाचा. जुन्या अमेरिकी .३२ पैकी बरीच .३२-२० काडतुसाची असतात. आपल्याकडे मिळणारं .३२ लाँग त्यात सैल बसतं, टरफल फुगतं किंवा फाटतं. असं असेल तर तिथूनच परत फिरा. नसेल तर सगळी घरं रिकामी असल्याची खात्री करून घोडा पूर्ण चढवा आणि चक्री हलवून बघा: किंचित हलली तर ठीक, खटखट वाजली तर चक्री जागेवर धरणारं कुलूप झिजलंय. चढवलेला घोडा चापाला हात न लावता मागून अंगठ्याने दाबला आणि सुटला, तर सिअर, म्हणजे घोडा अडवून धरणारा खटका, गेलंय. त्याचे सुटे भाग शोधणं ही दुसरी तपश्चर्या. आणि पूर्ण पैसे आधी देऊ नका. शस्त्र अधिनियमाप्रमाणे विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात.

घ्यायचंच ठरलं तर कानपूरच्या ऑर्डनन्स कारखान्याचं नवं .३२ डबल अ‍ॅक्शन घ्या, त्यात चाप ओढला की घोडा आपोआप चढून सुटतो. त्यांचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये सव्वा लाखाच्या आत होतं. आता जीएसटी ४० टक्के आहे, म्हणून कोटेशन करासकट मागा. भिंतीला बोल्ट केलेल्या तिजोरीचा खर्च त्यातच धरा. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करावं लागू शकतं, म्हणजे नेमकी गरज असेल तेव्हा ते घरात असेलच असं नाही.

खरा धोका रोकडीचा आहे. व्यापाऱ्याला सौदापावतीवरच ‘आरटीजीएस, माल उचलण्याआधी’ असं लिहायला लावा. रोख घेतलीच तर त्याच दिवशी बँकेत भरा. आणि माल नेऊन पसार झालेल्या व्यापाऱ्याकडून रिव्हॉल्व्हर काही वसुली करत नाही. तुमच्या पत्रात पीककर्ज आहे, टर्म विम्याचा उल्लेख मात्र कुठेच नाही. या हंगामाआधी तो आणि फळपीक विमा, एवढं आधी करा. एफडीला हात न लावता दोन्ही बसतील.