वाचकांचे प्रश्न : रविवार समुद्राचा की डोंगराचा?

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी यजमानांची बदली झाल्यामुळे आम्ही पुण्याहून सावंतवाडीला राहायला आलो. सुट्टी फक्त रविवारची. मला समुद्र आवडतो, त्यांना डोंगर. दोघांचेही मन राखायचे म्हणून आम्ही सकाळी आंबोली आणि दुपारी शिरोडा असा बेत दोन-तीनदा केला. पण घाटावर धुके असल्यामुळे काही दिसले नाही, आणि किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा टळटळीत ऊन होते व पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेले होते. दोघेही दमून, थोडे चिडूनच घरी परतलो. रविवारांची वाटणी कशी करावी? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपण ज्या गावी राहायला आला आहात, तेथून आंबोली तीस किलोमीटरांच्या आसपास आहे आणि वेंगुर्ले, शिरोडा ही किनाऱ्यावरची गावेही तेवढ्याच किंवा त्याहून कमी अंतरावर आहेत. अंतर इतके थोडे असल्यामुळेच दोन्ही ठिकाणे एका दिवसात उरकण्याचा मोह होतो, आणि आपली चूक झाली असेल तर ती एवढीच. समुद्र आणि घाट यांची वेळापत्रके निरनिराळी आहेत, ती एका रविवारात क्वचितच जुळतात. म्हणून वाटणी दोघांच्या आवडीवर सोपवू नये, तिथीवर सोपवावी, असे मी सुचवीन. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक चौकोनात तिथी छापलेली असते, आणि किनाऱ्यावरची जुनी माणसे तिच्यावरून भरतीची वेळ तोंडी काढतात.

रीत सोपी आहे. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास दिवसातून दोन वेळा भरती असते आणि तिच्यापासून सहा तासांनी ओहोटी, जिला आपल्याकडे सुकती म्हणतात. चतुर्थीचे उदाहरण घ्या. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन ही भरतीची वेळ, तर सकाळी नऊला सुकती. अष्टमीला हाच हिशेब सहाचा होतो, त्यामुळे सुकती भर दुपारी बारा वाजता येते. एकादशीला ती सव्वादोनच्या पुढे-मागे असते. हा अंदाज आहे, त्यात अर्ध्या-पाऊण तासाची तफावत पडते, आणि कालवे किंवा तिसऱ्या (शिंपल्यांतले खाद्य जीव) काढायला जाणाऱ्याने भरती-ओहोटीचे छापील कोष्टकच पाहावे. परंतु फिरायला जाणाऱ्या दोघांना एवढी अचूकता पुरते. दररोज भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे चंद्राच्या गतीमुळे घडते, आणि पाऊणपटीचा हिशेब त्याच गतीचे घरगुती रूप आहे.

आता हा हिशेब आपल्या रविवारांना लावून पाहा. प्रतिपदेपासून पंचमीपर्यंतच्या रविवारी सुकती सकाळी पावणेसात ते पावणेदहा यांच्या दरम्यान येते; ऊन चढण्यापूर्वी रुंद, ओली, घट्ट वाळू मोकळी मिळते. त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या या दिवशी ती दुपारी पावणेचार ते संध्याकाळी सव्वापाच यांच्या सुमारास येते, म्हणजे सूर्यास्तापर्यंत बसता येते. हे रविवार समुद्राचे. सप्तमी ते एकादशी या मधल्या तिथींना मात्र सुकती ऐन उन्हात पडते. त्या रविवारी किनाऱ्याकडे न जाता घाट चढावा. षष्ठी आणि द्वादशी कोणाच्या पदरात घालायच्या, ते आपसांत ठरवा. तेवढे भांडण शिल्लक ठेवायला हरकत नाही.

यात आपल्या यजमानांच्या वाट्याला कमी दिवस येतात, असे वाटेल. ते खरे नाही. जून ते सप्टेंबर हे चार महिने जवळपास पूर्णपणे डोंगराचे आहेत. राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याखेरीज पाण्यावर न जाण्याची कोळी व गाबीत समाजांची रीत आहे. ज्यांचे पोट समुद्रावर आहे तेच ज्या दिवसांत काठावर थांबतात, त्या दिवसांत आपण गुडघाभर पाण्यातही उतरू नये. वर्षाचा ताळा मांडून पाहिलात, तर दोघांचे रविवार साधारण बरोबरीने भरतील.

आंबोलीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आपली निराशा तेथूनच सुरू झाली. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला आहे. समुद्रावरून येणारे ओलसर वारे त्या भिंतीवर आपटून वर चढतात, वर चढताना थंड होतात आणि त्यांतल्या बाष्पाचे तेथेच ढग बनतात. वर्षाला ७,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणारे हे ठिकाण आहे. तेव्हा पावसाळ्यात जे धुके आपल्याला आडवे आले, ते धुके नसून तो ढगच होता, आणि आपण त्याच्या पोटात उभे होता. पावसाळ्यात आंबोलीला दूरचे पाहायला जाऊ नये. जवळचे पाहायला जावे. रस्त्याकडेच्या कारवीच्या पानावर बसलेला अंगठ्याएवढा बेडूक, दगडावरच्या शेवाळात अडकलेले पाण्याचे थेंब, दगडाच्या खाचेत निश्चल वेटोळे घालून बसलेला हिरवट चापडा साप (त्याच्यापासून मात्र चार हात दूरच राहावे), हे सगळे हाताच्या अंतरावर असते आणि ढगाने त्यात काहीच बिघडत नाही. चौकुळकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडी बाजूला लावून दोघांनी अर्धा तास हळूहळू चालावे. जळवा चढतील, त्या ओढून काढू नयेत, मीठ लावले की आपणच सुटतात.

गेळे गावाच्या हद्दीतील कावळेसादला पावसाळ्यात जोराचा वारा असेल तरच जावे, असे मी म्हटले तर विचित्र वाटेल. परंतु तेथील मौज वाऱ्यातच आहे: कड्यावरून खाली पडणारे पाणी वारा उचलून पुन्हा वर फेकतो आणि कठड्यापाशी उभ्या असलेल्यांना खालून वर येणाऱ्या पावसाने भिजवतो. कठडा मात्र ओलांडू नये. मुख्य धबधब्याला जुलै-ऑगस्टच्या रविवारी जाण्यात काही अर्थ नाही. तेथे पाण्यापेक्षा मोटारी अधिक असतात. आपल्या यजमानांना एखाद्या मंगळवारी रजा मिळाली, तर ती त्यासाठी राखून ठेवा.

लांबचे पाहायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत. त्या दिवसांत खालच्या गावांपेक्षा वर चार-साडेचार अंशांनी गारवा असतो, हवा स्वच्छ असते आणि घाटमाथ्यावरच्या समुद्रदर्शनाच्या जागेवरून पश्चिमेला, आकाशाच्या खाली, एक फिकट चकाकणारी रेघ दिसते. तोच आपला समुद्र. डोंगराच्या रविवारीही आपल्याला तो तेवढा मिळेल.

किनाऱ्यांपैकी पहिल्यांदा वेंगुर्ल्याजवळचे सागरेश्वर आणि शिरोड्याचे वेळागर यांच्यापासून सुरुवात करावी. सुकतीच्या वेळी ओल्या वाळूवर मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्यांच्या नक्षीचे पट्टे दिसतात. हरभऱ्याएवढे खेकडे वाळू चाळून तिच्यातले अन्न खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळापासून निघणाऱ्या किरणांसारखी ती रचना पुढची भरती पुसून टाकते. दहा मिनिटे हालचाल न करता बसलात, तर खेकडा बाहेर येऊन काम पुन्हा सुरू करतो. हिवाळ्यात सकाळी लवकर पोहोचल्यास रापण ओढताना पाहायला मिळण्याची शक्यता असते. अर्धगोलाकार टाकलेल्या जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरची माणसे पाय वाळूत रोवून, मागे रेलून, एका लयीत ओढत असतात. तेथे नुसते छायाचित्र काढत उभे राहण्यापेक्षा विचारून दोराला हात लावावा. जाळे जड निघाले तर हात लावणाऱ्याच्या पिशवीत चार बांगडे किंवा मूठभर तारल्या पडतात, आणि त्या नाकारू नयेत.

पाण्यात उतरण्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सगळीकडे लाटा फुटत असताना मधेच एक पट्टा शांत आणि थोडा गढूळ दिसतो. नवख्या माणसाला तोच सुरक्षित वाटतो, आणि ओढ नेमकी तेथेच असते, कारण काठावर आलेले पाणी त्याच वाटेने आत परतते. त्या वाटेत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला यावे आणि मग लाटांबरोबर परतावे.

दोघांची आवड एकाच दिवशी भागवायचीच असेल, तर दोन ठिकाणांची धावपळ करण्याऐवजी ज्या ठिकाणी डोंगर स्वतःच समुद्रात उतरला आहे, तेथे जावे. निवतीचा किल्ला अशा एका टेकडीवर आहे. वर चढले की भोगव्याची लांब पांढरी वाळू खाली पसरलेली दिसते. रेडीचा यशवंतगड उंच नाही, पण त्याच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी असे कवटाळले आहे की दगड मुळांना धरून आहेत की मुळे दगडांना, हे कळत नाही. आणि हिवाळ्यातला एखादा रविवार पौर्णिमेला आला, तर संध्याकाळी साडेपाचला सागरेश्वरला असा. सुकती असल्यामुळे वाळू रुंद असेल, समोर सूर्य पाण्यात उतरत असेल, आणि त्याच सुमारास पाठीमागे, सुरूच्या बनापलीकडे, सह्याद्रीच्या बाजूने चंद्र वर येईल. यजमानांना पाठ फिरवून बसायला सांगा.

प्रश्न : आम्ही दोघेही पासष्टी ओलांडली आहे आणि माझ्या गुडघ्यांची तक्रार असते. कुडाळहून दिवसाभराची सहल आम्हाला झेपेल का? — एक वाचक, कुडाळ

उत्तर : सहज झेपेल, फक्त कोरड्या वाळूत चालू नका. तिच्यात पाऊल रुतते आणि घोट्यावर व गुडघ्यावर ताण येतो; सुकतीनंतरची ओली वाळू फरसबंदीसारखी घट्ट असते. ती समुद्राकडे किंचित उतरती असते, त्यामुळे जाताना एक पाय खाली पडतो. गेलात तितकेच त्याच रेषेत परत या, म्हणजे दोन्ही पायांचा हिशेब पुरा होईल. किल्ले आपण सोडून द्यावेत. आंबोलीत महादेवगडच्या टोकाजवळ गाडी जाते. गुडघेदुखीवर मी काही सांगणे योग्य नाही. जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : आम्ही आजऱ्याचे. लग्नाला नुकतेच वर्ष झाले, आणि पत्नीने समुद्र अजून पाहिलेला नाही. मोटारसायकलवरून एका दिवसात शिरोड्याला जाऊन परत येता येईल का? — एक वाचक, आजरा

उत्तर : येईल, पण पावसाळ्यात नव्हे आणि रात्री नव्हे. आंबोलीचा घाट उतरताना, ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. सतत ब्रेक दाबत उतरल्यास ते तापतात आणि खालच्या वळणांवर नीट लागत नाहीत. परतीला अंधारापूर्वी घाट चढून झालेला असावा, म्हणून सकाळच्या सुकतीचाच दिवस निवडा. हिवाळ्यातला पंचमीचा दिवस आपल्याला सर्वांत सोयीचा, कारण सुकती पावणेदहाच्या सुमारास असेल. साडेसहाला आजरा सोडले, तर घाईगर्दी न करता आपण वेळेवर पोहोचाल. शिरोड्यात वाळूकडे जाण्यापूर्वी मिठागरे दिसतील. १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह येथे झाला होता, तेथे पाच मिनिटे थांबावे. जेवण गावातल्या खाणावळीत करून दुपारी तीनपर्यंत निघावे.

परतताना आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी थांबा. आजऱ्याला आपण जिच्या काठी राहता, तीच ही नदी. समुद्र इतका जवळ असूनही तिचे पाणी त्याच्याकडे न जाता पूर्वेला वळते, आपल्या गावावरून घटप्रभेला, तेथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. मंदिराजवळच्या कुंडात पाय मात्र घालू नका. 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हा छोटा मासा २०२० मध्ये तेथेच शास्त्राच्या नोंदीत आला, आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. काठावर वाकून पाहिलेत तर, ऊन पाण्यात उतरलेले असल्यास, तो तळाच्या दगडांवरून सरकताना दिसूही शकतो.