हिरवळीसाठी द्रवरूप खत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा सरत आला की घरापुढच्या हिरवळीविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांमध्ये द्रवरूप खताचा प्रश्न आहे, म्हणून हे सदर त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या बंगल्यापुढे सुमारे ५०० चौरस फुटांची 'सिलेक्शन वन' जातीची हिरवळ आहे. रोपवाटिकेतून द्रवरूप खताची एक बाटली आणून सांगितल्याप्रमाणे पंपाने फवारली. आठ दिवस हिरवळ छान दिसली, मग पुन्हा फिकी पडली. खत किती, किती दिवसांनी आणि पंपाने द्यावे की झारीने? (पुणे)

उत्तर : आपल्या पत्रातच निम्मे उत्तर आलेले आहे. द्रवरूप खत लवकर लागू पडते आणि तितक्याच लवकर संपते. पानांवर पडलेले नत्र एक-दोन दिवसांत शोषले जाते आणि आठवड्याच्या आत रंग बदललेला दिसतो. पण ज्या जमिनीत ते गवत उभे आहे त्या जमिनीच्या साठ्यात अशा फवारणीने जवळजवळ काहीच भर पडत नाही.

आधी बाटलीवरचे लेबल वाचावे. भारतात विकल्या जाणाऱ्या खतांना 'खत (नियंत्रण) आदेश, १९८५' लागू आहे आणि त्यानुसार नत्र, स्फुरद व पालाश यांची टक्केवारी वेष्टनावर छापावी लागते. ती टक्केवारी न दाखवता 'समुद्री शेवाळाचा अर्क' किंवा 'ह्युमिक' एवढेच लिहिले असेल, तर ते गवताला चालना देणारे द्रव्य आहे, त्याची भूक भागवणारे खत नव्हे. अशा बाटल्या हिरवळीच्या नावाने सर्रास विकल्या जातात आणि त्यांची किंमत पाहता ग्राहकाने लेबल न वाचता पैसे मोजू नयेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

घरच्या हिरवळीसाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश प्रत्येकी १९ टक्के) हे पाण्यात विरघळणारे खत सोयीचे आणि स्वस्त पडते. दर लिटर पाण्यात ५ ग्रॅम हे प्रमाण धरावे, म्हणजे १० लिटरच्या झारीत ५० ग्रॅम. खत चमच्याने मोजू नये, वजनकाट्यावर मोजावे आणि तो काटा स्वयंपाकघरातला नसावा. हे द्रावण दर चौरस मीटरला अर्धा लिटर या हिशेबाने द्यावे. आपली ५०० चौरस फुटांची हिरवळ सुमारे ४६ चौरस मीटर होते, तेव्हा तिला एका वेळी सव्वादोन-अडीच झाऱ्या, म्हणजे २३ लिटर द्रावण आणि सुमारे ११५ ग्रॅम खत लागेल. त्यातून दर चौरस मीटरला जेमतेम अर्धा ग्रॅम नत्र मिळते, म्हणून गवत जोमाने वाढत असण्याच्या काळात, म्हणजे फेब्रुवारीअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, मुसळधार पावसाचे दिवस सोडून, हे दर पंधरा दिवसांनी द्यावे.

पंप आणि झारी यांतला फरक येथेच लक्षात येतो. तेवढ्याच हिरवळीची पाने पंपाने ओली करायला दोन-तीन लिटर पाणी पुरते. त्यात ५ ग्रॅमच्या प्रमाणाने १०-१५ ग्रॅम खत बसते आणि संपूर्ण हिरवळीच्या वाट्याला दोन-तीन ग्रॅम नत्र येते. आपली हिरवळ आठ दिवसांत फिकी का पडली, याचे कारण या हिशेबात आहे. ही तूट भरून काढण्यासाठी पंपातले प्रमाण दुप्पट-चौपट करावे असे मनात येणे स्वाभाविक आहे, परंतु तसे केल्यास क्षारांमुळे पानांची टोके करपतात. पोषणासाठी झारी वापरावी. पाहुणे येणार आहेत, कार्यक्रम आहे, चार दिवसांत रंग हवा आहे, अशा वेळी पंप वापरावा.

वेळ शक्यतो संध्याकाळची किंवा अगदी सकाळची ठेवावी. हिरवळ कापल्यावर एक दिवस जाऊ द्यावा, कारण ताज्या कापलेल्या टोकांवर द्रावण झोंबते. माती कोरडी असेल तर आदल्या दिवशी पाणी द्यावे आणि पाने वाळेपर्यंत मुलांना व पाळीव जनावरांना हिरवळीवर जाऊ देऊ नये. वर्षभर केवळ १९:१९:१९ देत राहणेही बरोबर नाही. जुन्या हिरवळीला स्फुरद फार थोडे लागते आणि जास्तीचे स्फुरद जमिनीत साचत जाते. दोन वेळा १९:१९:१९ दिल्यावर तिसऱ्या वेळी १३:०:४५ द्यावे. त्यातील पालाश उन्हाळ्याच्या तोंडावर विशेष उपयोगी पडते. कॅल्शियम नायट्रेट द्यायचे असल्यास ते स्वतंत्र झारीतून द्यावे. स्फुरदयुक्त खताबरोबर ते एकत्र केले की पाणी दुधासारखे पांढरे होते, तळाशी साका बसतो, आणि त्या साक्यात गेलेले खत गवताच्या उपयोगाचे राहत नाही.

या साऱ्याच्या जोडीला वर्षातून दोनदा, जूनच्या आधी आणि ऑक्टोबरात, चाळलेले व पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत पोयट्यात मिसळून अर्धा सेंटीमीटर जाडीचा थर द्यावा. तो दिला नाही तर द्रवरूप खताची झारी हातातून खाली ठेवण्याची सोय राहत नाही.

प्रश्न : हिरवळ पिवळी पडली म्हणून युरियाचे पाणी दोनदा दिले. गवत वाढले, पण पिवळेच वाढले. जमीन काळी, पाणी बोअरचे आहे. (सोलापूर)

उत्तर : 'वाढले, पण पिवळेच वाढले' हे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे. नत्र कमी असते तेव्हा वाढ मंदावते आणि खालची जुनी पाने आधी सरसकट फिकी होतात. आपल्याकडे कोवळी पाने पिवळी असणार, आणि एखादे पान उजेडासमोर धरून पाहिलेत तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशा उभ्या रेघा दिसतील. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असते, परंतु सामू (पीएच) जास्त असल्यामुळे ते मुळांना घेता येत नाही, आणि बोअरच्या जड पाण्यामुळे ही अडचण वर्षानुवर्षे वाढत जाते. अशा जमिनीत स्फुरदाचा मारा केल्यास ती आणखी बळावते. येथे युरियाने काहीही साधणार नाही.

हिराकस (फेरस सल्फेट) दर लिटरला ५ ग्रॅम आणि त्याबरोबर सायट्रिक आम्ल १ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून संध्याकाळी पंपाने फवारावे. लोह पानांवाटेच द्यायचे असल्याने येथे झारीपेक्षा पंपच योग्य आहे. ताजे द्रावण फिकट हिरवट दिसते. ते तांबूस-तपकिरी झाले की त्यातले लोह निकामी होऊ लागले असे समजावे, म्हणून लागेल तेवढेच आणि त्याच वेळी करावे. शक्य असेल तर त्यासाठी साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या केल्या की रंग परततो. एक काळजी मात्र आवर्जून घ्यावी : हे द्रावण शहाबादी किंवा कोटा फरशीवर किंवा रंगवलेल्या भिंतीवर उडाले तर गंजाचे डाग पडतात आणि ते सहजी निघत नाहीत. फरशीच्या कडेला फवारताना जुने पोते किंवा पुठ्ठा आडवा धरावा आणि पडलेले थेंब लगेच धुवावेत.

जमिनीतून लोह द्यायचे असेल तर चिलेटेड लोहाचे पाकीट घेताना त्यावर 'ईडीडीएचए' असे लिहिले आहे का ते पाहावे. 'ईडीटीए' स्वरूपातील लोह फवारणीला चालते, परंतु चुनखडीच्या जमिनीत ओतले तर टिकत नाही.

प्रश्न : सप्टेंबरपासून हिरवळीत वाळलेले पट्टे दिसत आहेत. द्रवरूप खत दिले, पाणी वाढवले, तरी पट्टे मोठे होत आहेत. गवत ओढले की सहज हातात येते. (सांगली)

उत्तर : खत आजच थांबवावे. गवत मुळांशिवाय सतरंजीसारखे उचलले जात असेल तर तो हुमणीचा, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीचा, प्रादुर्भाव आहे, आणि ज्या गवताला मुळेच उरलेली नाहीत त्याला खताचे द्रावण केवळ भाजते. पट्ट्याच्या कडेला, जेथे हिरवे आणि वाळलेले गवत एकत्र येते तेथे, एक फूट लांब व एक फूट रुंद चौकोन तीन-चार इंच खोल खणून पाहावे. पांढऱ्या, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या चार-पाचपेक्षा जास्त निघाल्या तर उपाय करणे भाग आहे. साळुंक्या आणि बगळे हिरवळीवर उतरून सारखे टोचत असतील, तर त्यांनी आपल्या आधीच ओळखलेले असते.

मेटारायझियम ही मित्रबुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते. पाकिटावरील प्रमाणानुसार ती पाण्यात कालवून संध्याकाळी, जमीन ओली असताना झारीने द्यावी आणि पुढील आठवडाभर ओल टिकवावी. तिच्या आगेमागे बुरशीनाशक वापरू नये. मेलेले पट्टे भुसभुशीत करून तेथे नवीन कांड्या लावाव्यात आणि त्यांनी मुळे धरल्यावर, साधारण तीन आठवड्यांनी, पातळ खत सुरू करावे. पुढील वर्षी वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. ऊस पट्ट्यात हे काम शेजाऱ्यांनी मिळून केले तरच त्याचा गुण येतो.

प्रश्न : भर पावसात द्रवरूप खत द्यावे का? हिरवळीत शेवाळही धरते. (रत्नागिरी)

उत्तर : देऊ नये. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्याच्या निचऱ्याच्या जमिनीतून विरघळलेले खत गटारात आणि पऱ्ह्यात वाहून जाते. पानांवर जे राहील त्याने गवत लुसलुशीत होते, आणि दमट हवेत लुसलुशीत गवतावर बुरशी फार लवकर येते. गणपतीनंतर उघडीप मिळाली की सुरुवात करावी. शेवाळ हे सावली, घट्ट जमीन आणि आम्लता यांचे लक्षण आहे; माती दापोलीच्या कृषी विद्यापीठात तपासून घ्यावी आणि अहवालात सांगितले असेल तरच, तेवढाच चुना घालावा.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत हिरवळ गवताच्या काडीसारखी होते. तेव्हा खत दुप्पट केले तर चालेल का? (नाशिक)

उत्तर : हरळीच्या कुळातील गवते थंडीत विश्रांती घेतात. रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरू लागले की मुळे खत उचलत नाहीत. दुप्पट काय, निम्मे खतही वाया जाईल. आठवड्यातून एकदा पाणी द्यावे, हिरवळ फार आखूड कापू नये आणि फेब्रुवारीत नवी फूट दिसल्यावर खत सुरू करावे.

प्रश्न : रासायनिक खत नको म्हणून आम्ही जीवामृत देतो. तेवढ्याने भागेल का? आणि नॅनो युरिया वापरावा का? (अमरावती)

उत्तर : जीवामृत जरूर द्यावे. २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती हे जे प्रमाण आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, ते एका एकरासाठी आहे. घरासाठी त्याचा विसावा हिस्सा, म्हणजे १० लिटर पाणी, अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, गूळ व बेसन प्रत्येकी १०० ग्रॅम आणि चिमूटभर माती पुरे होते. सावलीत ४८ तास ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळावे, दुहेरी कापडातून गाळावे, दहापट पाणी घालून झारीने द्यावे आणि आठवड्याच्या आत संपवावे. गाळण्याचा कंटाळा केला तर झारीची भोके बुजतात आणि पानांवर शेणाचा पापुद्रा बसतो.

परंतु जीवामृतात प्रत्यक्ष नत्र फार थोडे असते. जमिनीतील सूक्ष्मजीवांना त्याने चालना मिळते, आणि त्या जिवांना कुजवायला जमिनीत सेंद्रिय पदार्थ असला तरच गवताला काही मिळते. ज्या हिरवळीला दोन वर्षांत शेणखताचा कण मिळालेला नाही आणि जिचे कापलेले गवत दर वेळी कचऱ्यात जाते, तिथे केवळ जीवामृताने रंग येणार नाही. म्हणून कापलेले गवत उचलू नये. पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग दर वेळी कापला तर बारीक तुकडे खाली मुरतात, चार-सहा दिवसांत दिसेनासे होतात आणि त्यांतले नत्र हिरवळीलाच परत मिळते.

नॅनो युरियाविषयी हिशेब करून पाहावा. ५०० मिलिलिटरच्या बाटलीवर नत्र २० टक्के लिहिले असेल तर त्या पूर्ण बाटलीत सुमारे १०० ग्रॅम नत्र असते, आणि तेवढे नत्र पाव किलोपेक्षा कमी साध्या युरियात मिळते. घरच्या हिरवळीसाठी मी तो सुचवणार नाही. रासायनिक खत टाळायचेच असेल तर गांडूळपाणी दहापट पातळ करून जीवामृताच्या आलटून पालटून द्यावे आणि ऑक्टोबरातला शेणखताचा थर यंदा चुकवू नये.