छोट्या कॉलेजात जी.एस. (विद्यार्थी परिषदेचा सचिव) झालो, पण तास संपले की मुलं थांबतच नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावातलं साडेतीनशे मुलांचं कॉलेज, सरांनी नाव दिलं म्हणून तुम्ही जी.एस. झालात, आणि दुपारनंतर आवारात चिटपाखरू नसतं. या पदाला काही अर्थ आहे का, असंही विचारलंय. माझं पहिलं उत्तर असं की एसटीचं वेळापत्रक पाठ करा. हसू नका, सांगतो.

2008-09 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच एका कॉलेजात मी टी.वाय. बी.कॉम.ला, म्हणजे शेवटच्या वर्षाला होतो आणि जी.एस. होतो. तेव्हा 1994 चा विद्यापीठ कायदा होता. खुल्या निवडणुका नाहीत. प्रत्येक वर्गातला आदल्या परीक्षेत पहिला आलेला मुलगा किंवा मुलगी विद्यार्थी परिषदेवर, शिवाय खेळ, एन.एस.एस. (राष्ट्रीय सेवा योजना), एन.सी.सी. आणि सांस्कृतिकचा प्राचार्यांनी नेमलेला एकेक, आणि नेमलेल्याच दोन मुली. या सगळ्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. आमच्याकडे एन.सी.सी. नव्हतं, म्हणून तो एक कमी होऊन अकरा जण भरले. मला सहा मतं पडली. सहा मतांवर साडेतीनशे जणांचा पुढारी! 2016 च्या कायद्याने खुल्या निवडणुका कागदावर परत आणल्या, 2019 साली त्या होता होता राहिल्या आणि मग कोरोना आला. तेव्हा आपण नेमून झालो याचं वाईट वाटून घेऊ नका.

ऑगस्टमध्ये आम्ही एफ.वाय.च्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांचं स्वागत ठेवलं. दुपारी तीनला. स्टेज, माईक, चिपळूणहून मिमिक्रीवाला. चाळीस मुलं आली, त्यातली तीस गावातलीच. मी चिडलो आणि दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर ‘उत्साहाचा अखंड झरा असलेल्या मित्रांनो’ अशी खोचक सूचना लावली. टी.वाय. आर्ट्सची वर्गप्रतिनिधी ती वाचून थेट माझ्याकडे आली. म्हणाली, "तुझं घर कॉलेजच्या मागे आहे. आमची गाडी पावणेचारला. ती चुकली तर पुढची वस्तीची, रात्री गावातच थांबणारी, साडेसहाला. स्टॉपवर उतरून वाडीत पोचेपर्यंत आठ. एकदा असं झालं ना, की दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद." मी ती नोटीस स्वतःच काढली. तीन वर्षं मी त्या कॉलेजात होतो, आणि वस्तीची गाडी किती वाजता सुटते हे मला माहीत नव्हतं.

मग डेपोत वही घेऊन बसलो. सात मार्गांच्या गाड्या लिहून काढल्या तेव्हा कळलं की बऱ्याचशा मुलांच्या गाड्या सकाळी साडेआठच्या आत येतात आणि पहिला तास साडेनऊला. तो तासभर पोरं स्टँडवर नाहीतर कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून असायची. म्हणजे वेळ होता, फक्त आम्ही दिवसाच्या भलत्या टोकाला शोधत होतो. प्राचार्यांनी एक हॉल साडेआठला उघडायची परवानगी दिली, पण किल्ली शिपाईकाकांकडे आणि त्यांना लवकर यावं लागणार. त्यांची मुलगी दहावीला होती. आमच्यातला एकजण तिला गणित शिकवू लागला. हे कुठल्या नियमात बसतं ते विचारू नका.

हॉलमध्ये सुरुवातीला नुसते कॅरम आणि पेपर होते. पण हळूहळू एकाच गाडीने वर्षभर येणारी, एकमेकांशी न बोललेली आर्ट्स-कॉमर्सची मुलं तिथे एका बोर्डाभोवती दिसायला लागली. खाडीपट्ट्यातल्या चार मुलांनी जाखडीची, म्हणजे कोकणातल्या लोकनृत्याची तालीम तिथेच सुरू केली, नंतर तीच विद्यापीठाच्या युवा महोत्सवात लोकनृत्याला नेली. नंबर आला नाही. भित्तिपत्रकही काढलं, ते दोन अंकांत मेलं.

सगळ्यात जास्त विश्वास मात्र पासाने मिळवून दिला. एसटीच्या मासिक पासाला विद्यार्थ्यांना 66.67 टक्के सवलत असते, पण त्यासाठी बोनाफाईड, म्हणजे इथे शिकतो असा कॉलेजचा दाखला लागायचा आणि ऑफिसात तो दोन-दोन दिवस मिळायचा नाही. आम्ही वर्गवार याद्या करून हेडक्लार्कना दिल्या, एकदम सह्या झाल्या, एकाच दिवशी गठ्ठा वाटला. असल्या कामाचा कोणी फोटो काढत नाही. पण त्यानंतर मी वर्गात काही सांगायला गेलो की मुलं मान वर करून ऐकायची.

गॅदरिंग सकाळी दहाला सुरू करून अडीचला संपवलं. जुन्या मुलांनी टोमणे मारले की ही काय शाळेची बक्षीस-वाटणी आहे का. पण मुली आल्या, आणि काहींच्या आयाही. फिशपाँडच्या, म्हणजे एकमेकांना चिमटे काढून स्टेजवर वाचायच्या चिठ्ठ्या मी आणि दोन मुलींनी आधी वाचल्या, निम्म्याहून जास्त फाडल्या. आधीच्या वर्षी एका मुलीच्या रंगावरून वाचलेल्या चिठ्ठीनंतर ती महिनाभर आली नव्हती. यंदाचे फिशपाँड मिळमिळीत झाले अशी ओरड झाली, आणि खरं सांगू, थोडे झालेच होते.

एन.एस.एस.चं सात दिवसांचं निवासी शिबिर असेल तर ते सोडू नका. एकत्र भाकऱ्या थापल्यावर जी ओळख होते ती कुठल्याही ‘डे’ने होत नाही. मुलींच्या घरून परवानगी मिळेना तेव्हा आम्ही मॅडमना घेऊन नऊ घरं फिरलो, सहा घरांनी हो म्हटलं. मी एकटा गेलो असतो तर एकानेही म्हटलं नसतं.

पैशाचं: फीची पावती नीट वाचा. जिमखाना, स्नेहसंमेलन, नियतकालिक असे वेगवेगळे रकाने असतात. कुठल्या रकान्यात किती जमतात ते हेडक्लार्कना नम्रपणे विचारा, आरोपाच्या सुरात नको. खर्चाची सही प्राचार्यांचीच असते, तुमच्या हातात फक्त मागणी आहे. पण आकडा माहीत असलेल्या मुलाची मागणी वेगळी ऐकली जाते.

पदाला अर्थ आहे का? नोकरीच्या मुलाखतीत मला कोणी विचारलं नाही. गावी गेलो की कंडक्टर अजून ओळखतो, एवढं आहे.

आणि हो, गणपती आणि शिमग्याच्या आसपास काही ठेवू नका, कोणी येणार नाही. तुमच्याकडे शेवटची गाडी किती वाजता सुटते ते लिहिलं नाहीत. आधी ते कळवा, मग पुढचं बोलू.