पेप्टाइडने बॅक्टेरिया मरतात, मग अडतं कुठे?

प्रश्न: केमिस्ट्रीत पीएचडी झालीय, अँटीमायक्रोबियल पेप्टाइडवर (जंतू मारणाऱ्या, अमिनो अ‍ॅसिडच्या छोट्या साखळ्यांवर) पोस्टडॉक मिळतेय. पण बेडकाच्या कातडीतलं मॅगेनिन १९८७ ला सापडलं, तरी औषध म्हणून अजून काहीच नाही. विषयात दम आहे का?

दम आहे. आणि काहीच नाही असं कसं, कोलिस्टिन, डॅप्टोमायसिन ही अँटिबायोटिक्स पेप्टाइडचीच मंडळी, नायसिन तर खाण्याचे पदार्थ टिकवायला कधीपासून वापरतात. मॅगेनिनवरून पेक्सिगनान बनवलं, डायबेटिसवाल्यांच्या पायाच्या जखमांवर मोठ्या ट्रायल झाल्या, पण १९९९ ला अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी दिली नाही, कारण आधीच मिळणाऱ्या ओफ्लॉक्सासिनच्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही. बॅक्टेरिया मारत होतं हो, अडलं ते पुढे.

प्रश्न: पेप्टाइड आपल्या पेशी सोडून बॅक्टेरियाच का फोडतं?

चार्जमुळे. बॅक्टेरियाचा पृष्ठभाग निगेटिव्ह, पेप्टाइड पॉझिटिव्ह, आपल्या पेशींचा बाहेरचा थर जवळजवळ न्यूट्रल आणि त्यात कोलेस्टेरॉल. पण याच्यावर फार विसंबू नका. ताकद वाढवायची म्हणून हायड्रोफोबिक (पाण्यापासून दूर पळणारी) अमिनो अ‍ॅसिड घालत गेलात की लाल पेशीही फुटायला लागतात, म्हणून एमआयसीच्या (बॅक्टेरियाची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण) शेजारी हिमोलिसिसचा (लाल पेशी किती फुटल्या त्याचा) आकडा नसेल तर मी तो पेपर तिथेच बाजूला ठेवतो.

प्रश्न: आता एआय सीक्वेन्स (अमिनो अ‍ॅसिडचा क्रम) देतं, मग बेंचवर काम कशाला?

सीक्वेन्स ढिगाने मिळतात, खरंय, पण खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते. ट्रिप्सिन हे प्रोटीन कापणारं एन्झाइम नेमकं लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे कापतं, म्हणजे ज्या पॉझिटिव्ह अमिनो अ‍ॅसिडवर तुमचं पेप्टाइड चालतं तिथेच ते तुटतं! मग कोणी डी-अमिनो अ‍ॅसिड, म्हणजे नेहमीच्याची आरशातली प्रतिमा, घालतं (प्रोटिएजला, म्हणजे अशा कापणाऱ्या एन्झाइमला, ती सहसा कापता येत नाहीत, आणि मेंब्रेन फोडायला ठरावीक रिसेप्टर लागत नसल्याने काम बऱ्याचदा चालून जातं), कोणी साखळीची रिंग करतं, कोणी मध्ये बंध घालून तिला ‘स्टेपल’ मारतं, आणि प्रत्येक बदलानंतर टॉक्सिसिटी पुन्हा तपासायची. त्यात मीठ आणि सीरम आले की म्युलर-हिंटन ब्रॉथमधला (लॅबमध्ये बॅक्टेरिया वाढवायचं द्रव) झकास एमआयसी कितीतरी पटीने बिघडू शकतो. बारीकसारीक गोष्टीही छळतात: पेप्टाइड पॉलिस्टायरीनच्या प्लेटला चिकटतं म्हणून पॉलिप्रॉपिलीनची वापरा, आणि एचपीएलसीतून (पेप्टाइड शुद्ध करायची पद्धत) राहिलेला टीएफए (त्यात वापरलेलं अ‍ॅसिड) पेशींच्या टेस्टमध्ये घोळ घालू शकतो, तो आधी काढा. हे काही एआय सांगत बसणार नाही.

प्रश्न: यांना रेझिस्टन्स येत नाही म्हणे?

येतो. स्टॅफ ऑरियस हा बॅक्टेरिया एमपीआरएफ एन्झाइमने स्वतःच्या मेंब्रेनच्या लिपिडला लायसिन जोडतो, निगेटिव्ह चार्ज कमी, पेप्टाइड दूर. आणि २०१५ ला कोलिस्टिनला दाद न देणारा एमसीआर-१ जीन प्लास्मिडवर (डीएनएच्या सुट्या रिंगवर) सापडला, म्हणजे एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात सहज जाणारा. ग्रँट अर्जात ‘रेझिस्टन्स अशक्य’ असं लिहू नका बाबा.

प्रश्न: इंटरव्ह्यूत पीआयला (लॅबच्या प्रमुखाला) काय विचारू?

पेप्टाइड लॅबमध्येच बनतं का? बाहेरून मागवत असतील तर प्रत्येक छोट्या बदलासाठी वाट बघत बसाल. सीरममध्ये टेस्ट करता का, उंदरांवरच्या इन्फेक्शन मॉडेलसाठी कोणाशी कोलॅबोरेशन आहे का, आणि फसलेल्या सीक्वेन्सचा डेटा ठेवता का, कारण मॉडेल ट्रेन करायचं तर तोही लागतो. आधीच्या पोस्टडॉकना मेल टाकायला मात्र पीआयची परवानगी लागत नाही.