लिक्विड लेन्सचं व्होल्टेज कमी करायचंय? आधी एवढं कर

खानापूरहून लिहिलंस, बरं वाटलं. लिक्विड लेन्स म्हणजे व्होल्टेज देऊन थेंबाचा आकार बदलायचा आणि फोकस साधायचा. तुझ्या लेन्सला लागणारं व्होल्टेज ऐंशीवरून वीसवर आणायची घाई समजते, पण थोडा थांब.

मूळ हिशेब सोपा आहे. पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो, त्याचा कोसाइन व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. १९९३ साली ब्रूनो बेर्ज यांनी पाणी आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये पातळ इन्सुलेटरचा (वीज न वाहू देणारा) थर घातला. खेळ सगळा त्या थराचा. थर चौपट पातळ केलास तर तेवढ्याच बदलाला लागणारं व्होल्टेज निम्मं होतं. पण त्या थरावरचा विद्युतक्षेत्राचा ताण त्याच वेळी दुप्पट होतो! नवखे इथेच फसतात: पातळ करत जातात आणि एका बारीक छिद्रातून थर फुटतो, पाण्यात बुडबुडे दिसतात. थर दिलेल्या माझ्या पहिल्या सात-आठ काचा अशाच गेल्या.

म्हणून सुरुवातीला:

- थर पातळ करण्याआधी स्वच्छता. बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या आसपास काम करत असशील तर फाउंड्रीची धूळ खिडकीतून येतेच. काच झाकूनच वाळव.
- डीसी नको, साधारण एक किलोहर्ट्झ एसी वापर. डीसीनं थरात चार्ज अडकतो, मग थेंब पूर्ववत होत नाही.
- थेंब हवेत नको, तेलात ठेव. थेंबाच्या कडेचं पृष्ठभागावर अडखळणं बरंच कमी होतं.

पाण्यात सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ) घातल्यानंही व्होल्टेज उतरतं, पण जास्त झालं की तेल-पाण्याचं ताक होतं. थरासाठी टँटलम ऑक्साइडसारखे खास पदार्थ वगैरे आत्ता विसर. आणि व्होल्टेज देणाऱ्या बोर्डावर हात घालताना करंट-लिमिट रेझिस्टर लावलाय ना, ते बघ रे बाबा.