उजवा की डावा?

आधी उजवा डोळा लावून बघ. लायका एम-३ या फिल्म कॅमेऱ्याची (१९५४) डोळा लावायची खिडकी मागून पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात येते. उजवा डोळा टेकवलास की नाक बाहेर सुटतं, डावा डोळा मोकळा राहतो. तोही उघडाच ठेव. खिडकीतलं दृश्य जवळपास खऱ्या आकाराचं (मॅग्निफिकेशन ०.९१ पट), त्यामुळे फोटोची चौकट हवेत तरंगल्यासारखी दिसते आणि माणूस चौकटीत शिरायच्या आधीच येताना कळतो. या मजेसाठीच तर हा कॅमेरा घ्यायचा!

मी मात्र डाव्या डोळ्याचा. नाकाचा तेलकट डाग मागच्या पाठीवर, फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना अंगठा भुवईत. दरवेळी कॅमेरा खाली घेतो. तरी फोकस करताना खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा उजव्याने नीट जुळत नसतील तर हट्ट करू नकोस, डावाच वापर. आणि चष्मा असेल तर आयपीसला (डोळा टेकतो त्या कडेला) रबरी रिंग बसव, नाहीतर चष्म्याच्या काचेवर चरे पडतात.